एन ए जी

निपाणीत, स्टँडमागच्या बोळात,
पारिसाण्णा चौगुल्यांच्या तंबाखूच्या वखारीला लागून
पुढची खोली.
तिथं मिरजेहून टेम्पोतनं आलेलं मशीन,
कुणीतरी वापरून सोडलेलं.
डाव्या पत्र्याला हात लागला की करंट बसायचा.
रुपयाला तीन जीव.

जीवच म्हणायचो आम्ही.
"एक जीव हाय अजून, थांब की बे."
हिरवं विमान उजवीकडं वळताना अडखळायचं.
दांड्याची स्प्रिंग गेलेली.
चार स्क्रू काढून नागप्पानं आत
सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला
आणि अख्ख्या गल्लीला उजवीकडं वळता यायला लागलं.

आकडा मोठा झाला की मशीन नाव विचारायचं.
तीन अक्षरं. इंग्रजी.
बाहेर पाट्यांवरनं पेटलेलं,
रात्री एका भाषेवर डांबर, पहाटे दुसरीवर,
आणि आत मी नागोजी, तो नागप्पा,
दोघंही एन ए जी.
पहिल्या दहांत सात एन ए जी.
कुठला कुणाचा, आमचं आम्हालाच कळायचं नाही.
त्यावरनं मारामाऱ्या झाल्या, नाही असं नाही.
त्याचा एक दात त्या खोलीत पडलाय.

लाईट गेली की सगळं पुसलं जायचं.
अंधारात खकाणा, शिंका,
पारिसाण्णा गल्ला पोटाशी धरून गप्प.
मग कुणीतरी ओरडायचं, "बंतु! बंतु!"
पडद्यावर पुन्हा कंपनीनं भरून दिलेली
दहा परकी नावं,
आणि आम्ही पहिल्यापासून.

मशीन काही संत नव्हतं.
आईच्या किती हजार विड्या
त्या फटीतनं आत गेल्या, तिला कधी सांगितलं नाही.

परवा रेशनच्या दुकानात
तिनं तोच अंगठा यंत्रावर ठेवला,
विड्या वळून वळून गुळगुळीत झालेला.
एकदा. दोनदा. पदराला पुसून पाचदा.
जुळत नाही, म्हणालं.
मागचं पोरगं म्हणालं, रेंज नसंल.
ती वाकून यंत्रालाच म्हणाली, "मीच हाय की रे."
मी उलटंपालटं करून बघितलं.
स्क्रू नव्हता कुठं.

कोगनोळीच्या नाक्यावर फोन वाजतो:
कर्नाटकात आपलं स्वागत आहे.
अरे, कागलला गेलतो. चप्पल आणायला.

माझी लेक खेळते, आडवी पडून, आवाज बंद करून.
जीव संपला की एक जाहिरात बघायची,
जीव मिळतो. परत जाहिरात. परत जीव.
मरतच नाही कुणी.
"कुणाबरोबर खेळायलीस?"
"माहीत नाही."
नागप्पा दहावीनंतर गदगला गेला, मामाकडं.
मलाही माहीत नाही.

काल म्हणाली, बाबा, तुमचंबी खातं काढू या.
नाव काय घालू?
म्हटलं, एन ए जी.
एवढं छोटं चालत नाही, म्हणाली.
मग पुढं निपाणी जोड.
तिनं जोडलं. चाक फिरलं जरा.
लाल अक्षरं आली:
हे नाव आधीच कुणीतरी घेतलेलं आहे.

"दुसरं सांगा की."

थांब, म्हटलं.
पुसू नको. राहू दे तसंच थोडा वेळ.