गाळलेल्या जागा

एकोणीस वर्षं मी शांतता कापायचं काम केलं.
औलू शहरात, नदीकाठच्या काचेच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर.
माणसं बोलत, यंत्र ऐके,
आणि दोघांच्या मध्ये मी, चाळणी धरून:
खोकला गाळ, उसासा गाळ,
"अं" गाळ, "म्हणजे" गाळ,
पाऊण सेकंदाहून जास्त गप्प बसलं कुणी
तर तेही गाळ.
पाऊण हा आकडा माझाच.
एका मंगळवारी कॉफी पिता पिता ठरवला होता.
कुणी हरकत घेतली नाही.

इथली माणसं तशी गप्पच.
लिफ्टमध्ये "आज थंडी आहे" म्हणणाऱ्याला
आमच्याकडे बडबड्या समजतात.
तेव्हा वाटायचं, आपण किती जागा वाचवतो!

मग गेल्या फेब्रुवारीत, तपासणीच्या ढिगातून
एक फोन कानावर आला.
दवाखान्याची रात्रपाळीची लाइन. म्हातारा, उत्तरेकडचा असावा,
शब्दांची शेपटं गिळणारा.
"बायको," तो म्हणाला, "कालपासून"
आणि थांबला.
मूळ ध्वनिमुद्रणात अकरा सेकंद.
मागे फ्रिजची घरघर. खुर्ची सरकल्याचा आवाज.
बहुतेक चमचा, बशीत ठेवलेला, अगदी हळू,
घरात कुणी झोपलेलं असताना ठेवतात तसा.
"उठत नाहीये."

यंत्राने सारांश दिला:
रुग्ण प्रतिसाद देत नाही. कालावधी: एक दिवस.
बरोबर होतं.
शंभरपैकी शंभर.
मी पुन्हा ऐकलं. पुन्हा.
तार्मोने विचारलं, "चूक सापडली का?"
म्हटलं, नाही रे, चूक नाहीये,
हेच तर
आणि पुढचं मला सुचलं नाही.
अजूनही नाही.

जूनमध्ये राजीनामा.
आता पहाटे चार ते दहा बेकरीत राईचे पाव,
दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही.
पगार निम्म्याहून कमी. मुलगी, सिल्या, फोनवर हिशेब मांडते:
घराचा हप्ता, माझा दात, गाडीचे हिवाळी टायर.
"आई, गोष्टी आता यंत्रच लिहितं."
माहीत आहे. त्याला ऐकायला मीच शिकवलं,
त्याचे कान माझ्यावर गेलेत.

एकदा हरून त्यालाच सांगितलं:
म्हातारा, फोन, अकरा सेकंद. लिही.
डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच चार परिच्छेद.
बर्फ होता, काळोख होता, शेवटी आशेचा किरण.
फ्रिज नव्हता.
म्हटलं, फ्रिज घाल.
त्याने घातला, आणि त्याच्या घरघरीला
काळजाच्या धडधडीची उपमा दिली.
मी लॅपटॉप मिटला.

माझंही काही ग्रेट नाही म्हणा.
नऊ कथा, सात नकार, दोन ठिकाणांहून उत्तरच नाही.
एका संपादिकेने लिहिलं: फार रेंगाळता तुम्ही.
ते पत्र फ्रिजवर चिकटवलंय.

काल नदीवर गेले. बर्फाला भोक पाडून
शेजारचा उर्हो बसला होता, उलट्या बादलीवर.
विचारलं, "लागतोय का काही गळाला?"
त्याने दोरीकडे पाहिलं.
हातमोज्याला नाक पुसलं. पुलावरून एक बस गेली,
तिचे दिवे बर्फावर येऊन गेले.
मी मोजत होते, जुनी खोड: बारा, तेरा, चौदा.
"नाही," उर्हो म्हणाला.
आणि मी वळल्यावर, पाठीमागून,
"कालही नाही."

घरी येऊन तेवढंच लिहिलं.
आधी "नाही", मग मागे मागे जात
बस, हातमोजा, दोरी.

शाळेत बाई फळ्यावर वाक्य लिहायच्या,
मधे एक आडवी रेघ: गाळलेल्या जागा भरा.
माझा हात सगळ्यांच्या आधी वर.
आता रेघ आली की पेन्सिल थांबते
आणि मी तिला थांबू देते.
फार वेळ नाही. सव्वातीनला उठायचं असतं,
आंबवण कुणाची वाट बघत नाही.