किनारपट्टीसाठी

साडेसातच्या बातम्यांत बाई सांगते:
किनारपट्टीला इशारा, उधाणाची भरती,
मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.
मराठवाड्यात तुरळक सरी.

लिंबाजी भोई मोबाईल खिशात टाकतो.
चप्पू उलटा घालून
ट्यूबला ठिगळ चिकटवत बसतो.
समुद्र त्यानं एकदाच पाहिला,
अलिबागेकडं वीटभट्टीवर होता तेव्हा.
ओंजळभर तोंडात घेतला आणि थुंकला.

इथं आभाळ कोरडं ठाक.
चांदण्या इतक्या
की मोजायला रोजानं माणूस लावावा.
पण वर, नाशकाकडं, परवा पडलेला पाऊस
अजून वाटेतच आहे.
पैठणला आधी अठरा दारं उचलली,
संध्याकाळी उरलेली सगळी.
आकडा फोनवर केव्हाच आला.
पाणी मागून, पायी,
थडीच्या एकेका गावात थांबत.

पुलाच्या खांबावर पिवळे आकडे आहेत,
रात्री ते कोण वाचणार.
लिंबाजीनं पाण्याच्या कडेला
बाभळीची खुंटी ठोकली.
अकराला उपटून चार पावलं मागं.
दोनला बारा.
मग मोजणं सोडलं,
कोंबड्यांची डालगी माळवदावर चढवली,
ज्वारीची पोती,
गयाबाईची शिलाई मशीन,
सगळ्यात शेवटी चप्पू.

पहाटे खुंटी सापडली नाही.
शेवग्याच्या बुंध्याशी पाणी आलं होतं,
आवाज न करता, परक्या घरी आल्यागत.

माळवदावर साडेसातला पुन्हा तीच बाई:
किनारपट्टीला इशारा कायम.
गयाबाई पाय आखडून बसली होती.
म्हणाली, ऐका की,
आपल्यालाच सांगायली.