ओल्या फडक्याचा थर्मामीटर

एप्रिल. अंजनवेलच्या सड्यावर जांभा असा तापलाय
की चप्पल घालूनही तळवा विचारतो, कुठं आणलंस.
अकरा वाजता कळव्याहून फोन:
आणखी किती देता?
मी म्हणते, हवा द्या, मग देते.

टर्बाइनला गॅसपेक्षा हवेची भूक मोठी.
थंड हवा दाट, घासात मावते.
तापलेली हवा फुगलेल्या भाकरीसारखी,
दिसायला मोठी, आत नुसती वाफ.
एक अंश चढला की सव्वा मेगावॅट उतरलं,
आणि नेमके तेव्हाच पनवेलपासून परभणीपर्यंत
सगळे पंखे पाचावर.

म्हणून फिल्टरघराच्या तोंडाशी आम्ही धुकं पाडतो.
हजारभर तोट्या, केसाएवढी भोकं,
पाणी इतकं बारीक की पडता पडता नाहीसं होतं,
जाताना हवेची ऊब घेऊन जातं.
शब्बीर परकारांनी शिकवलं, रिटायर व्हायच्या आधी:
"मशीन मागाहून बघ, बाय. आधी हे दोघे बघ."
भिंतीवर दोन थर्मामीटर,
एक कोरडा, एकाच्या पायाला ओलं फडकं.
कोरडा अडतीस. ओला सव्वीस.
"मधले बारा, ती आपली मिळकत.
त्याच्यावर उधारी नाही."

झडप उघडते. आधी शीळ,
मग पडद्यावरचा आकडा चढू लागतो
माडावर चढणाऱ्यासारखा, थांबत, दम घेत.
चौदा मेगावॅट जास्त. कळवा खूश.

चौदाला तासाला दहा हजार लिटर,
क्षारबीर काढलेलं, चव नसलेलं पाणी.
म्हणजे एक टँकर.
आमच्या वाडीत तो दर तिसऱ्या दिवशी येतो.
हे मी लॉगबुकात लिहीत नाही.
त्याला रकाना नाही.

एक वाजता मोबाइल. शेजारची सुगंधा आरेकर:
"फणसाचं साठं उचलू काय गो तुझं? वारा फिरला."
मी खिडकीतून बघते. समुद्र तसाच,
दीपस्तंभ तसाच, पडद्यावर काही नाही.
उचल, म्हणते, उगाच.

वीस मिनिटांनी फडकंवाला हलतो:
सत्तावीस. अठ्ठावीस.
कोरडा उतरत येतो त्याच्याकडे,
तेहेतीसवर थांबतो.
पाचच उरले.
मतलई संपली; खारा वारा आला तो पोट भरून,
आमचं धुकं त्याला फारसं नको.
त्यानं पाच अंश फुकट दिले,
वर दोन-तीन मेगावॅट हळूच काढून घेतले.
व्यापारी आहे.

निम्म्याहून जास्त तोट्या बंद करते.
तासाला सहा हजार लिटर वाचलं.
ते कुठंही जात नाही.
टाकीत राहतं, झाकणाखाली, अंधारात.

लॉगमध्ये लिहिते: वारा फिरला, एक वाजून वीस.
पेन तसंच धरून बसते थोडा वेळ.
मग वीस खोडते.