सिल्व्हानोची डावी

सिल्व्हानोशी माझं कधीच पटलं नाही.
आधी बाबांच्या उसाची वाटणी, मग ट्रॅक्टर,
मग आईचं शिलाई मशीन.
अकरा वर्षं इनिसफेलच्या एकाच रस्त्यावर
त्याची गाडी समोरून आली
की मी काच वर करायचे.

किडनी मात्र त्यानंच दिली. डावी.
"दोन आहेत," म्हणाला,
फावडी असावीत तसं.

माझ्या रक्ताला हे पटेना.
ते त्याला ओळखून आहे, हाकलायला टपलेलं.
म्हणून सकाळी आठ, रात्री आठ,
गोळ्या देऊन निजवते मी
माझेच राखणदार.
नऊ वर्षं झाली, पाहुणी नांदतेय.

मागच्या मार्चात कानाची पाळी गेली, निम्मी.
मग नडगी. मग खांदा, दोनदा.
दर तीन महिन्यांनी केर्न्सला
डॉक्टर विजेरत्ने भिंग घेऊन माझ्यावरून फिरतात,
शेत मोजायला आल्यासारखे.
थांबतात. निळ्या पेनानं गोल काढतात.
पुन्हा थांबतात.

"लहानपणी टोपी घालायचात?"
मला हसूच फुटलं.
टोपी!
डिसेंबरात उसाच्या बांधावर आम्ही दोघं
नुसत्या चड्डीवर, दिवसभर.
रात्री आई लाल पाठींना व्हिनेगर लावायची
आणि चौथ्या दिवशी आंघोळीच्या टबात
तो माझी साल काढायचा, मी त्याची.
ज्याच्या पाठीची साल अखंड निघेल तो जिंकला.
मीच जिंकायचे.
एकदा तर अख्खा खांदा,
कांद्याच्या पापुद्र्यासारखा, आरपार दिसणारा.

ते सगळं ऊन कातडीनं मांडून ठेवलं होतं,
व्याजासकट.
वसुलीला आलं तेव्हा
दारावर जागं कुणी नव्हतं.

आता गोळी कमी करायचीय. थोडी.
थोडी म्हणजे किती, हे डॉक्टरही
चाचपडतच सांगतात.
राखणदार जास्त जागे झाले
तर पहिल्यांदा सिल्व्हानोलाच धरतील.

काल सकाळी तो दारात उभा.
हातात उन्हाच्या मलमाची लिटरभर बाटली,
सवलतीचं लेबल तसंच.
"पाठीला हात पोचत नसेल तुझा."
मी खुर्ची उलटी वळवली.
खांद्यावरच्या टाक्यांपाशी
त्याची बोटं थांबली जरा,
मग बाजूनं गेली.

कुणीच काही बोललं नाही.
ट्रॅक्टर अजून त्याच्याकडेच आहे.