दळण

पवननगरच्या गिरणीत
डब्यांवर नावं नसतात.
खैरनार मावशी झाकणं ओळखतात:
पोचा पडलेलं बोरस्त्यांचं,
कडीऐवजी सुतळी बांधलेलं नव्या भाडेकरणीचं.

रांगेत आम्ही बोलतो तरी काय?
टाकीत पाणी किती वाजता चढलं,
सातपूरला दुसरी पाळी बंद झाली म्हणे,
मेथी दहाला जुडी.
फुंकर मारली तर उडून जाईल, एवढंच.

दाभाडे सर तेवढंही बोलत नसत.
"बारीक दळा."
मग ओट्यावर बसून पेपर.

गुरुवारी त्यांचा डबा तसाच.
शुक्रवारीही.
मावशींनी मोटर बंद केली. म्हणाल्या,
पीठ गार झालं, माणूस आला नाही.

मग कुणाला तरी त्यांचं घर ठाऊक निघालं,
कुणाच्या तरी मेव्हण्याची रिक्षा,
दाराला बोरस्त्यांचा खांदा.
सिव्हिलमध्ये रात्री उशाशी कोण कोण बसलं
ते कुणाच्याच वहीत नाही.

दीड महिन्यानं काठी टेकत सर आले.
"बारीक दळा."
ओट्याकडे वळले, थांबले,
आणि पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज चढवत,
पहिल्यांदाच कविता म्हणणाऱ्या पोरासारखे:
"मेथी... कितीला आहे आज?"