मधली आडवी रेघ

वायोमिंगमध्ये वारा आडवा लागला
की आमचं एकतीस फुटी गाडीघर होडीसारखं डुलतं.
मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून.
मागे सिंकमध्ये चमचे एकमेकांवर आपटताहेत,
ड्वेनचं श्रवणयंत्र शिट्टी घालतंय,
आणि टेबलाशी हार्लन आणि लॉरेन
बावन्न वर्षांपूर्वीचं भांडण पुन्हा काढून बसलीयत.

विषय असा, की एका जूनमध्ये, रात्री, चोरून,
हार्लनने इंडिपेन्डन्स रॉकवर स्क्रूड्रायव्हरने
दोघांची नावं कोरायला घेतली.
लॉरेन खाली, रस्त्यावर नजर ठेवून.
ट्रकचे दिवे दिसले. तिने शीळ घातली. दोघं पळाली.
मी तेव्हा लिंकनमध्ये, वडिलांच्या दुकानात टायर बदलत होतो.
लॉरेनची नि माझी ओळख व्हायला
अजून तीन वर्षं होती.

"स्वतःचंच आधी कोरलं असशील," लॉरेन म्हणते,
"केकसुद्धा तू पहिला तुकडा स्वतःला घेतोस."
"तुझं आधी. देवाशप्पथ."
"सरकारी दगड आहे, दंड होतो, हळू बोला," विल्मा म्हणते.
"कोण मेलं?" ड्वेन विचारतो.

दगड कसला, माळावर पालथी घातलेली परात.
बैलगाड्यांतून पश्चिमेला निघालेले लोक
चार जुलैच्या आत इथे पोचायची धडपड करत,
नाहीतर पुढच्या डोंगरात बर्फ गाठायचा.
आम्ही पोचलो सप्टेंबरच्या एकोणीसला
आणि आधी सगळे शौचालयाकडे गेलो.

नावं आहेतच. कुणाचं नुसतं आडनाव,
कुणाचं गाव, कुणाचं साल.
काहींनी चाकाच्या वंगणाने लिहिली होती म्हणे,
ती बहुतेक पावसाने पुसून नेली.
कोरलेलं तेवढं राहिलं, तेही दगडफुलाखाली जातंय.

हार्लनचा गुडघा नवा, ऐट जुनी.
दहा पावलं चढला आणि बसला.
"पूर्वेच्या अंगाला, एक भेग आहे, तिच्या वर,"
असं काठीने हवेत दाखवत राहिला.
मग वारा वाढला. सूप गरम करू म्हणाले.
सगळे गाडीत गेले.
मी म्हटलं, जरा पाय मोकळे करून येतो.

का चढलो, नीट सांगता येणार नाही.
एकोणपन्नास वर्षांच्या संसारात
हा प्रश्न माझा कधी नव्हताच.
भेग सापडली. भेगेत मेलेला टोळ, चिप्सची पिशवी.
वर चढायला पोटावर सरकावं लागलं,
चौऱ्याहत्तराव्या वर्षी, पालीसारखं.

होतं.
लॉरेन. पूर्ण. एकेक अक्षर खोल,
शेवटच्या अक्षराला तर शेपटीसुद्धा काढलेली,
वेळ असल्यासारखी.
खाली हार्लनच्या नावाचं पहिलं अक्षर:
इंग्रजी एच, दोन उभ्या रेघा.
मधली आडवी राहून गेलेली.
न जाणणारा त्याला अकरा म्हणेल.
किंवा दोन माणसं, शेजारी शेजारी उभी,
मध्ये हातभर जागा.

बोट ठेवून पाहिलं. थंड.
खिशात किल्ल्या होत्या. आडवी रेघ
मलाही मारता आली असती, मिनिटभराचं काम.
पण ते माझं नाव नव्हतं,
आणि दंडही आहे.

परत आलो तर सूप उरलं होतं, ब्रेड संपला होता.
"सापडलं?" हार्लनने बशीतून वर न पाहता विचारलं.
"काही नाही," मी म्हटलं. "सगळं दगडफुलाने खाल्लंय."
"बघ," लॉरेन त्याला म्हणाली, "आता कसं सिद्ध करशील?"
तो हसला. थोडा उशिराच हसला.

मी चाकाखालचे ठोकळे काढायला निघालो
तेव्हा लॉरेन दारापर्यंत आली,
माझ्या शर्टाच्या पोटावरचं काहीतरी नारिंगी
तिने नखाने हळू खरवडून काढलं,
बोटावर धरून पाहिलं,
वाऱ्यावर सोडलं,
आणि म्हणाली, पुढे पेट्रोल कुठे मिळतं ते बघ.