चौदा नंबरची काच

अवसेला आठ दिवस आहेत.
शाळेच्या प्रयोगशाळेत मी एकेक चष्मा उचलते,
कागदी दांड्या, काळी पातळ फिल्म,
आणि ट्यूबलाइटसमोर धरते.
ट्यूब दिसली, तर बाद.
सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं, तरी बाद.
एकशेवीसातले तेवीस गेले.
ते मी कात्रीने कापले,
नुसते टाकले असते तर पोरांनी केराच्या डब्यातून काढले असते.
पोरं मला माहीत आहेत.
मी एका पोराची बहीण आहे.

वागळे इस्टेटला, बावीस नंबर रोडवर
हारून मुकादम लोखंडी गेटं जोडतो.
त्याच्याकडे काच मागितली.
"आमच्या ठिणगीला दहा नंबर पुरतो," म्हणाला,
"सूर्याला नाही. चौदा मागवावी लागेल."
मागवली. पैसे घेतले नाहीत.
काच वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता
एवढंच विचारलं, दत्ताराम कसा आहे?

पंच्याण्णव सालची दिवाळी.
लक्ष्मीपूजनाची दुसरी सकाळ,
किसननगरच्या गच्चीवर फटाक्यांच्या लाल कागदांचा सडा.
आई जिन्यातून ओरडतेय, गिराण लागलंय, घरात या.
का, ते सांगत नाहीये.
दत्ताराम अकरा वर्षांचा,
हातात बाबांच्या छातीचा एक्स-रे.
"फासळ्यांच्या मधून बघ ताई, मस्त दिसतंय."
मी बघितलं नाही. नळ जाणार होता.
माझे डोळे वाचले ते एवढ्यावर:
दोन हंडे, एक कळशी.

त्याला दुखलं नाही.
वर्गावर्गात जाऊन मी आधी हेच सांगते, की दुखत नाही.
तवा बोटाला लगेच सांगतो,
डोळ्याला आतून कोणी हाक मारत नाही.
भाऊबीजेला ओवाळायला बसले
तर म्हणाला,
ताई, निरांजन आहे गं,
ज्योत कुठाय?

मुख्याध्यापक म्हणतात, आषाढ आहे, ढग असणार,
कशाला एवढा खटाटोप?
सर, ढगाचीच तर मला भीती.
ढगाआडून सूर्य मवाळ दिसतो
आणि पोरं चष्मा कपाळावर चढवतात.
खग्रास तिकडे, दूर वाळवंटात.
तिथे म्हणे काही मिनिटं उघड्या डोळ्यांनी बघता येतं.
आपल्या वाट्याला नुसता एक घास,
म्हणजे चष्मा काढायची वेळ
इथे येतच नाही.

शनिवारी दत्तारामला शाळेत नेलं.
नौपाड्यात मिठाईच्या भट्टीवर असतो तो,
तेलाचा आवाज ऐकून बुंदी उचलतो.
येताना झारा घेऊन आला, बुंदीचाच.
पोरांना म्हणाला, सूर्याकडे पाठ करा.
मैदानात चिखल, वर फटफटीत ऊन, तेही दोनच मिनिटं.
पांढऱ्या पुठ्ठ्यावर झाऱ्यातून पडले
शंभरएक सूर्य, गोल गोल,
अजून कोणी न चावलेले.
"त्या दिवशी हे सगळे एका बाजूने खाल्लेले दिसतील," तो म्हणाला,
"मोजा हवं तर. डोळ्याला काही होत नाही."
पाचवीतली प्रणिता पुठ्ठा सोडून त्याच्याकडेच बघत होती.
"काका, मी दिसते का तुम्हाला?"
"कान दिसतात. वेणी दिसते.
नाक घरी ठेवून आलीस वाटतं."
ती हसली, मग नाकाला हात लावून बघितला.

अवस दिव्यांची आहे.
आम्ही दोघं ओट्यापाशी बसून समया घासतो,
चिंच माझ्याकडे, राख त्याच्याकडे.
उजळली की नाही बघायला एक वात लावते.
तो ज्योतीकडे बघत नाही.
जरा डावीकडे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो,
तेव्हा कुठे ती त्याला सापडते.
"आली," म्हणतो.

चष्मे सत्त्याण्णव, पोरं एकशेचार.
सात जणांना हारूनची काच आळीपाळीने द्यावी लागेल.
झाऱ्याच्या भोकांत बेसन अडकलंय,
ते उद्या टाचणीने काढायचंय.